देव घरात, न्याय चावडीवर

(माजरी येथे शेतकरी-कामकऱ्यांच्या सभेत झालेले भाषण)



दिवसभर वावरात वाकून, खाणीत पाळी करून, भात्यापाशी घाम गाळून तुम्ही रात्री येथे आलात, ही गोष्ट लहान नाही. पोटभर जेवून, तक्क्याला टेकून भाषण ऐकणारे पुष्कळ मिळतात. अंग मोडून आलेले असता जे ऐकावयास बसतात, त्यांच्यापुढे बोलणाराने जपून बोलावे. म्हणून आम्ही येथे पांडित्य पाजळणार नाही. धर्माला गावच्या कारभारात जागा किती द्यावी, एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार तुमच्यापुढे ठेवून आम्ही खाली बसू.

हा प्रश्न काढावयास माजरी हे योग्य गाव आहे. बल्लारपूरकडे जाणाऱ्या मोठ्या रेल्वेवाटेचा एक फाटा येथून वणीकडे फुटतो. त्या वाटांनी कोळसा बाहेर गेला आणि माणसे आत आली. कोणी तेलंगणातून आला, कोणी छत्तीसगडातून, कोणी हिंदी मुलखातून. येथले जुने कास्तकार, बलुतेदार आणि गोंड तर आधीपासून होतेच. कोणी विठोबाला मानतो, कोणी चंद्रपूरच्या महाकालीला, कोणी बडादेवाला, कोणी बुद्धाला, कोणी अल्लाला, कोणी येशूला. आणि एखादा कोणालाच मानीत नाही. हजेरीच्या पुस्तकात मात्र सर्वांची नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. खाणीला देव कोणता हे विचारावयास सवड नसते.

तुमच्यापैकी ज्या जुन्या मंडळींनी भुयारी खाणीत काम केले आहे, त्यांस आम्ही एक गोष्ट विचारतो. खाणीच्या तोंडाशी देवीची लहानशी घुमटी असते. खाली उतरणारा तिला हात जोडतो, आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण खाली गेल्यावर काय होते? सरदार पुढे होतो आणि काठीने छत ठोकून पाहतो. आवाज खणखणीत आला तर छत धड आहे; आवाज बद्द आला तर दगड सुटला आहे, त्याखाली कोणी जाऊ नये. आता समजा, एके दिवशी सरदाराने काठी टाकून दिली आणि म्हणाला, “आज देवीने कौल दिला आहे, चला आत.” तुम्ही जाल काय? देवीचा मोठ्यात मोठा भक्तही जाणार नाही. तो म्हणेल, “बाबा, देवीला नमस्कार मी वर केला. येथे तू काठी घे.”

बंधुंनो, आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. ज्याचा नमस्कार त्याने करावा. पण जेथे सर्वांचा जीव, सर्वांचा पैसा आणि सर्वांची अब्रू गुंतलेली आहे, तेथे काठीच पाहिजे. काठी म्हणजे पुरावा, विचार आणि सर्वांस सारखा कायदा. शिकलेले लोक यासच धर्मनिरपेक्षता म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट तुमच्या रोजच्या कामातली आहे.

ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचून शिकलो असे समजू नका. आम्ही ती फार उशिरा आणि फार महाग शिकलो. आमचे लहानपण जंगलपट्टीतल्या एका खेड्यात गेले. आमच्या धाकट्या बहिणीस दिवसाआड हुडहुडी भरून ताप येऊ लागला. आईने उतारे टाकले, अंगारा लावला. ताप जाईना, तेव्हा शेजारच्या गावचा देवऋषी आणला. त्याने तांदूळ पाहिले आणि सांगितले, की पोरीवर करणी झाली आहे व करणारी बाई तुमच्या घराच्या उगवतीस राहते. आमच्या घराच्या उगवतीस एकच घर होते. त्यात एक विधवा बाई एकटी राहात असे. तिला आम्ही मावशी म्हणत असू. मोहफुले वेचावयास ती आमच्या आईबरोबर जाई, आणि आमची बहीण तिच्याच मांडीवर वाढलेली.

संध्याकाळी तिला चावडीपुढे उभी केली. केस धरून तिला म्हणाले, “कबूल कर.” कबूल करावयास तिच्यापाशी काय होते? आमचे वडील तेथेच उभे होते. मावशी कशी आहे हे त्यांस ठाऊक होते. त्यांनी मान खाली घातली. आम्ही त्यांचे बोट धरून उभे होतो आणि आम्हीही काही बोललो नाही. त्या रात्री मावशी एक गाठोडे घेऊन गाव सोडून गेली. पुढे आठ दिवसांनी बहिणीस बंडीत घालून दवाखान्यात नेले. काचेच्या पट्टीवर रक्त घेतले, हिवताप निघाला, गोळ्या दिल्या. पोर उठून खेळू लागली. मावशी परत आली नाही.

आमचे वडील दुष्ट नव्हते. देवभोळे होते, आणि देवभोळेपणा हा काही गुन्हा नव्हे. घरात त्यांनी कितीही अंगारे लावले असते तरी मावशीचे घर उठले नसते. तिचे घर उठले ते चावडीवर. जे घरात नुसती समजूत होती, तिला चावडीवर गावाची ताकद मिळाली, आणि समजुतीच्या हाती गावाची ताकद आली की ती आधी गरीब आणि एकट्या माणसाच्या मानेवर बसते.

कोणी म्हणेल, या जुन्या गोष्टी झाल्या. जुन्या कशा? २१ ऑगस्ट २०२१ रोजी आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून सात जणांस भर चौकात बांधून मारले. त्यांत बायका होत्या, म्हातारी माणसे होती. १ मे २०२४ रोजी गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयाने एक बाई आणि एक पुरुष यांस मारहाण करून जाळले. त्या प्रकरणी पंधरा जणांस अटक झाली. ज्या काळात ही माणसे मेली त्या काळात मोबाइलवर साऱ्या जगाशी बोलता येते. विजेची तार गावात आली, पण चावडीवरून देवऋषी उठला नाही.

आता एक कडू गोष्ट बोलतो, ती गोड मानून घ्या. आपल्या चळवळीत भटजीच्या नावाने बोटे मोडण्याची सवय फार जुनी आहे. त्याने आपल्या आजापणजांस लुबाडले, हे खरे. ते लिहिले गेले आणि लिहिलेच पाहिजे होते. पण वणी खुर्दच्या चौकातल्या दोराची गाठ काही कोण्या शंकराचार्याने येऊन मारली नव्हती. ती गावानेच मारली. आमच्या मावशीचे केस धरणारा हात नांगर धरणारा हात होता. देव आणि माणूस यांच्या मध्ये बसून खाणारा दलाल ज्या जातीत जन्मेल त्या जातीचा असतो. पंचांगवाला गेला आणि त्याच्या जागी आपल्याच आळीचा अंगात येणारा बुवा बसला, तर आपण नुसती पाटी बदलली. दुकान तेच राहिले.

जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज काढला तो ही दलाली मोडण्यासाठी. जोतीराव नास्तिक नव्हते. सर्व जगाचा एक निर्मिक आहे असे ते मानीत. पण त्या निर्मिकाकडे जाण्यास मध्यस्थ लागत नाही, आणि मध्यस्थाच्या पोटासाठी शेतकऱ्याने कर्ज काढू नये, हे त्यांचे म्हणणे. म्हणून समाजाने भटजीवाचून लग्ने लावली. पहिले लग्न त्याच वर्षी २५ डिसेंबरला लागले. आज हे साधे वाटते. त्या काळी त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. जुन्नर तालुक्यातील ओतूर गावी बाळाजी कुसाजी पाटील यांनी १८८४ साली आपल्या घरचे लग्नकार्य जोशीबुवांस न बोलाविता केले. जोशांनी फिर्याद लावली, की आम्हांस बोलावले नाही तरी आमचा हक्क बुडतो, दक्षिणा टाका. पहा हा न्याय! न्हाव्याने न केलेल्या हजामतीचे पैसे मागावे, तशातली गत. खटला मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेला, पण पाटील हटले नाहीत. पुढे १९२६ साली मुंबई कौन्सिलात सीताराम केशव बोले यांच्या खटपटीने कायदाच झाला, की ज्याला यजमानाने बोलाविले नाही त्याला धर्मविधीची दक्षिणा मागता येणार नाही.

या कायद्याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. भटजीला बोलावू नका, असे तो म्हणत नाही. ज्याला बोलवावयाचे त्याने खुशाल बोलवावे. न बोलाविणाऱ्याच्या दारी मात्र सरकारचा शिपाई जोशीबुवांची थैली घेऊन उभा राहणार नाही, एवढेच तो सांगतो. धर्माची वसुली सरकारने करावयाची नाही, हा धडा आपल्या लोकांनी इंग्रजी पुस्तकातून घेतला नाही. आपल्याच मांडवात घेतला.

याच बोल्यांनी १९२३ साली कौन्सिलात ठराव आणला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्या. त्या ठरावाच्या आधारे महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण पाण्याला हात लावू देण्यास गाव तयार नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह गेले आणि ते पाणी प्याले. इकडे वऱ्हाडात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावती जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष असता विहिरी सर्वांस खुल्या केल्या, आणि १९३२ साली देवस्थानांची संपत्ती लोकांच्या कामी यावी म्हणून मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कौन्सिलात बिल आणले. बोले, बाबासाहेब, पंजाबराव हे तिघे तीन ठिकाणचे. तिघांचा प्रश्न एकच होता: जे सर्वांचे आहे त्याच्या दारावर देवाच्या नावाने कोणी कुलूप का घालावे?

जोतीरावांचे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले. त्यात त्यांनी एका घराचे चित्र काढले आहे. त्या घरात बाईने बुद्धाचा धर्म घ्यावा, नवऱ्याने ख्रिस्ताचा, मुलीने महंमदाचा आणि मुलाने सत्यधर्माचा, आणि चौघांनी एकमेकांचा द्वेष न करता प्रेमाने राहावे, असे त्यांनी सांगितले. एका घरात जर चार धर्म नांदावयाचे, तर एका गावात चौदा का नांदू नयेत? पण त्यास एक अट आहे. त्या घरातील धान्याची कणगी कोणा एकाच्या देवापुढे ठेवून चालणार नाही. कणगी सर्वांची, आणि वाटप भुकेप्रमाणे. गावची कणगी म्हणजे ग्रामपंचायत, शाळा, दवाखाना, रेशनचे दुकान, पाण्याची टाकी.

आता जो कोणालाच मानीत नाही, त्याचे काय? आपल्यात नास्तिक ही शिवी समजतात. “देवाला भीत नाही, तो कोणाला भिईल?” असे म्हणतात. आम्ही विचारतो, तराजूत दांडी मारणारा दुकानदार सकाळी उदबत्ती लावीत नाही काय? सावकाराच्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहिलेली नसे काय? वहीवर श्री असली म्हणजे आतला हिशेब खरा ठरत नाही. माणूस त्याच्या मापावरून ओळखावा.

इंग्लंडात चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा एक उघड नास्तिक होता. नॉर्थॅम्प्टन हे जोडे शिवणाऱ्या कारागिरांचे शहर. त्यांनी १८८० साली त्याला पार्लमेंटात निवडून दिले. देवाला न मानणारा शपथ कशी घेणार, असे म्हणून त्याला आत बसू देईनात. जागा रिकामी ठरवीत, पुन्हा निवडणूक होई, आणि ते चांभार पुन्हा त्यालाच निवडून देत. शेवटी १८८६ साली त्याला जागा मिळाली. १८८९ साली तो मुंबईच्या काँग्रेसला येऊन गेला. त्या चांभारांतील कित्येक जण नेमाने देवळात जाणारे असतील. पण आमच्या बाजूने बोलणारा माणूस कोण, हे त्यांनी देवळात न विचारता मतपेटीपाशी ठरविले.

आपल्या देशाने हा तंटा आधीच मिटवून ठेवला. घटना परिषदेत १७ ऑक्टोबर १९४९ रोजी, आपल्याच मध्यप्रांत-वऱ्हाडातून गेलेले हरि विष्णु कामत यांनी सूचना मांडली, की घटनेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा. कामत देशभक्त होते, त्यांच्या हेतूत खोट नव्हती. पण पुष्कळ आस्तिक सभासदांनीच विरोध केला. त्यांचे म्हणणे, ज्याचा ईश्वर त्याच्या मनात आहे, त्याची सक्ती सर्वांवर का? मते मोजली: बाजूने ४१, विरुद्ध ६८. ईश्वर हरला, असे समजू नका. ईश्वराचे नाव बहुमताने ठरवावयाची गोष्ट नव्हे, एवढेच त्या दिवशी ठरले. म्हणून आपली घटना “आम्ही भारताचे लोक” या शब्दांनी सुरू होते. कोणी मंत्री वा आमदार झाला तर त्याने ईश्वराची साक्ष काढून शपथ घ्यावी, अथवा ईश्वराचे नाव न घेता गंभीरपणे प्रतिज्ञा करावी; दोन्ही सारख्या. ज्यासाठी ब्रॅडलॉस सहा वर्षे झगडावे लागले, ते तुमच्या पोरास जन्मतः मिळाले आहे.

धर्मनिरपेक्ष हा शब्द घटनेच्या उद्देशिकेत १९७६ साली घातला. पण शब्द नव्हता तेव्हाही अर्थ होताच. कोणास कोणताही धर्म पाळता येईल, प्रसार करता येईल, बदलता येईल. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांस बाध येता कामा नये. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांनी हजारो लोकांस बौद्ध धर्माची दीक्षा दिली, ती या मोकळ्या हक्कानेच. कोणा चावडीची परवानगी काढली नाही. एखाद्या धर्माच्या पोषणासाठी सरकारला कर बसविता येत नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्माचे शिक्षण देता येत नाही. आणि जी शाळा सरकारी मदत घेते, तिला कोणा मुलावर त्याच्या पालकांच्या संमतीवाचून धर्माच्या प्रार्थनेची सक्ती करता येत नाही.

हे हक्क कागदावर झोपलेले नाहीत. नाशिककडील एका शिक्षकाने शाळेच्या प्रार्थनेत हात जोडण्याचे नाकारले म्हणून त्याची पगारवाढ अडली. तो हायकोर्टात गेला, आणि २०१३ साली त्याच्यासारखा निकाल झाला. दुसऱ्या प्रकरणात तिघा नागरिकांनी गॅझेटात “धर्म नाही” अशी नोंद मागितली. सरकारी छापखान्याने नाही म्हटले. मुंबई हायकोर्टाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी निकाल दिला, की मला कोणताही धर्म नाही असे म्हणण्याचा प्रत्येकास हक्क आहे, आणि धर्म सांग म्हणून सरकार कोणावर सक्ती करू शकत नाही. सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचा दिवस दुसऱ्या दिवशी होता. योग जुळला, असे कोणी ज्योतिषी म्हणेल. आम्ही म्हणतो, एकशे एकेचाळीस वर्षांची मेहनत होती.

कोणी विचारतात, “मग ही बंधने काय आम्हांलाच? दुसऱ्या धर्मवाल्यांस कोणी बोलत नाही.” हा प्रश्न वाजवी आहे, आणि उत्तर सरळ आहे. काठी एकच, छत सर्वांचे. मुल्लाने बाईच्या न्यायात अडथळा आणला तर तो दलाल, पाद्र्याने पाणी शिंपडून दवाखान्याची वाट अडविली तर तो दलाल, आणि आमच्या बुवाने करणीचे नाव घेतले तर तोही दलाल. पण दुसऱ्याच्या घरातील केर दाखवून आपल्या घरचा केर झाडावयाचे टाळणे, हा हिशेब चुकविण्याचा जुना डाव आहे. ज्या दिवशी कोळशासाठी जमिनीचा मोबदला, पाण्याची टाकी, शाळेचा मास्तर यांविषयी तुम्ही एकत्र उभे राहावयाचे असते, नेमके त्या दिवशी कोणीतरी झेंड्याचा प्रश्न काढतो. तो कोणाच्या फायद्याचा, हे मोबदल्याच्या यादीवर पाहा.

दुसरे म्हणतात, “तुम्ही आमची पंढरी, आमची दीक्षाभूमी, आमचा उरूस बंद करणार.” कोण बंद करतो? गाडगेबाबा कीर्तन करीत आणि हातात खराटा घेत. त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या, पोरांना शिकवा म्हणून सांगितले, देवापुढे बोकड कापू नका म्हणून ओरडून सांगितले. तुकडोजी महाराजांनी सर्व धर्मांचे लोक एकत्र बसतील अशी प्रार्थना चालविली आणि ग्रामगीतेत गावच्या रस्त्यांपासून गावच्या निवडणुकीपर्यंत सर्व लिहिले. हे दोघे आपल्या विदर्भाचे आणि दोघेही देवाला मानणारे. त्यांनी देवाच्या नावाने गाव झाडले. गावाच्या नावाने देव विकला नाही.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर चार दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. एका माणसाचे रक्त सांडावे तेव्हा कायद्याची शाई वाळावी, ही आपल्या राज्यास भूषणाची गोष्ट नव्हे. या कायद्याने कोणास करणी करणारा ठरवून मारणे, बांधणे, वाळीत टाकणे हा गुन्हा आहे. साप किंवा कुत्रा चावलेल्यास दवाखान्यात नेण्यापासून अडवून मंत्राचे उपचार करणे हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. पूजा, भजन, कीर्तन, वारी यांस हा कायदा हात लावीत नाही. पण वणी खुर्दची आणि बारसेवाड्याची गोष्ट हा कायदा झाल्यानंतरची आहे. कायदा विधिमंडळात होतो. चौकात तो उभा करावा लागतो तुम्हा-आम्हांसच.

म्हणून जाताना चार गोष्टी पदरात बांधून न्या. पहिली: ग्रामसभेत पाणी, रस्ता, जमीन, शाळा यांचा विचार होईल, कोणाच्या देवाचा मान मोठा, याचा होणार नाही. दुसरी: सणाची वर्गणी खुशीची. पगाराच्या दिवशी दारात पावतीबुक घेऊन चौघे उभे राहिले आणि न देणाराचे नाव टिपले, तर ती वर्गणी नव्हे, जोशीबुवांची जुनीच दक्षिणा आहे, आणि तीस नाही म्हणण्याचा हक्क आपल्या लोकांनी शंभर वर्षांपूर्वीच मिळविला आहे. तिसरी: ताप आला की आधी रक्त तपासा. अंगारा लावावयाचाच असेल तर गोळी घेतल्यावर लावा; अंगारा थांबू शकतो, हिवताप थांबत नाही. चौथी, आणि ही आम्ही हात जोडून सांगतो: ज्या दिवशी गावात कोणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून करणीचे नाव घेईल, त्या दिवशी तुमच्यापैकी दोघांनी उठून तिच्या दोन बाजूंस उभे राहावे आणि तिसऱ्याने पोलिसांस फोन करावा. भाषण करण्याचे कारण नाही. नुसते उभे राहिले तरी पुरते. जमाव एकट्या बाईवर तुटून पडतो. तिघांवर हात उचलताना तो एकदा विचार करतो, आणि त्या एका विचारात जीव वाचतो.

आमचे वडील त्या संध्याकाळी जर दोन पावले पुढे झाले असते, तर त्यांचा देव त्यांच्यावर रागावला नसता. पुढची पुष्कळ वर्षे ते सकाळी उठून उगवतीकडे तोंड करून हात जोडीत. त्या बाजूस मावशीच्या पडक्या घराची भिंत होती. ते सूर्याला नमस्कार करीत की तिला, हे आम्ही त्यांस कधी विचारले नाही.

तुमच्या पोरांवर आपल्या बापाविषयी असा प्रश्न मनात ठेवून जगण्याची पाळी येऊ नये, एवढ्यासाठी आम्ही आज येथे आलो. आता रात्र झाली, पहिल्या पाळीवाल्यांस लवकर उठावयाचे आहे.